तबल्यावरची प्रार्थना
परवा बहारीनमधल्या सीफच्या मॉलमध्ये बुखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा, वास आला आणि झिंजमधली ती खोली आठवली. नगरहून आलेल्या एका पाळकांना इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी, म्हणजे छोटं चर्च, उभी करायची होती, पण कुणी जागा देईना. शेवटी रत्नागिरीच्या एका मुसलमान दुकानदाराने दुकानावरची खोली शुक्रवारपुरती दिली, वर स्वतः बुखूरही जाळून ठेवला. सतरंज्या पोहोचवायला मी गेलो होतो. तबला सुरू झाला, झांजा वाजू लागल्या, तोच दुकानदार चाचा धापा टाकत वर आले. "पाद्रीसाहेब, जागा ख्रिस्ती प्रार्थनेला मागितलीत ना? मग हे हिंदूंचं भजन कसलं?" झांजा थांबल्या; ही खोली गेली तर दुसरी मिळणार नव्हती. पाळक म्हणाले, "चाचा, आम्ही गावाकडे भजनातच प्रार्थना करतो. हे येशूचंच आहे." "इसा नबींचं? ते तर आमचेही नबी! आणि मराठीत?" चाचा दारातच बसले. "मग म्हणा की! फक्त जुम्म्याच्या अजानआधी खलास करा." आता मंडळी वाढली आहे, जागाही मोठी मिळाली आहे. तिथे अजान ऐकू येत नाही, तरी शेवटचं भजन अजूनही तिच्याआधीच संपतं.