वरच्या मजल्यावरचं डच

आमच्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या बिल्डिंगमधले वरच्या मजल्यावरचे आजोबा जगातल्या कुठल्याही माणसाला वेळेवर ऑफिसला पोहोचू देणार नाहीत, यावर मी पैज लावायला तयार आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले हे तंजावरी मराठी गृहस्थ. मुलीनं डच माणसाशी लग्न केलं आणि नातीला डचशिवाय काही येईना. तेव्हा यांनी जुन्या बाजारातून, इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेलं डच व्याकरणाचं पुस्तक पैदा केलं. कंपनीनं मला थोडे दिवस डचच्या शिकवणीला बसवलं होतं, हे त्यांना कळलं आणि माझे दिवस भरले.

रोज सकाळी ते मला जिन्यात गाठत. इंग्रजीत नामाआधी एकटा 'द' असतो; डचमध्ये 'डे' आणि 'हेट' असे दोन, आणि कुठल्या वस्तूला कुठला ते सरळ पाठ करायचं. म्हणून त्यांनी घरभर चिठ्ठ्या डकवल्या. टेबलावर डे, खिडकीवर हेट. एके दिवशी मला न विचारता माझ्या दारावरही डे आला. डच क्रियापद कधीकधी वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं, हे वाचल्यावर तर स्वारी हवेत. "इंग्रजांना हे जड जातं. आपण मराठीत जन्मभर दुसरं काय करतो?" मी मान डोलवायचो, तोवर खाली कंपनीची बस निघून जायची. एवढं करून फोनवर नात आली, की यांच्या तोंडून शब्द नाही. आधी पक्कं होऊ दे, चुकीचं बोलून पोरीपुढं मान खाली घालू का, म्हणायचे.

डिसेंबरात नात आली. चार वर्षांची. पहिल्याच दिवशी आजोबांनी तिचं डच दुरुस्त करायला घेतलं. पोर गप्प झाली आणि खाली माझ्याकडे येऊन बसायला लागली. माझं डच म्हणजे नुसता सावळागोंधळ. ती पोट धरून हसायची आणि मग अखंड बडबडायची. आजोबा दारात उभे राहून ऐकायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

"तू सगळं चुकीचं बोलतोस," एकदा ती जेवायला वर गेल्यावर ते म्हणाले. "तरी ती तुझ्याशीच बोलते."

"म्हणूनच बोलते, आजोबा."

ते जिना चढून गेले. विमानतळाकडे निघताना पोरीनं त्यांना नुसता हात हलवून दाखवला.

पुढच्या रविवारी वर फोन वाजला. आजोबा बोलत होते. थोडं डच, थोडं मराठी, मधेच तमिळ 'सरी सरी', म्हणजे बरं बरं. एक वाक्य धड नव्हतं. आणि दर वाक्यामागे थांबून मोठ्यानं हसत होते, म्हणजे पलीकडेही कुणीतरी हसत असणार.

हल्ली ते मला जिन्यात गाठत नाहीत. बस रोज मिळते. दारावरची चिठ्ठी मात्र मी अजून काढलेली नाही.