वूला आणि उघड्या बॅगा

वूलाबद्दल लिहायला बसलो की आधी स्ताथिसला चार शिव्या द्याव्याशा वाटतात. पण शिव्या कोणी छापत नाही, म्हणून सरळ सांगतो.

अथेन्समध्ये, अक्रोपोलिसच्या पायथ्याशी माझी टपरी आहे. सिगारेटी, वर्तमानपत्रं, थंड पाणी, टोप्या. वूला वर जाणाऱ्या पर्यटकांची गाइड. साठीला टेकलेली, आवाज फाटका, जीभ त्याहून धारदार. रोज सकाळी ती आपला घोळका माझ्या टपरीसमोर उभा करायची आणि म्हणायची, "बॅगा उघडा." लोकांना आधी वाटायचं, हिला पोलिसांनीच पाठवलंय.

"हे काय? लॅपटॉप? वर ऑफिस आहे का तुमचं?"

"हॉटेलात ठेवायला भीती वाटली."

"आणि पासपोर्ट इथे मागच्या कप्प्यात ठेवायला नाही वाटली? तो हॉटेलात ठेवा, बरोबर झेरॉक्स घ्या. बॅग पुढे घ्या. पाठीवर असली की चोराची, पोटावर असली की तुमची. पाणी कुठंय?"

"वर मिळेल ना?"

"वर देवळं मिळतील. तीही मोडकी."

मोठी बॅग घेऊन वरच्या फाटकातून आत सोडतच नाहीत. त्यामुळे ती निम्मं सामान माझ्याकडे ठेवायला लावायची. बॅगेत काय हवं, ते तिचं ठरलेलं होतं. पाणी, टोपी, ओला करून मानेवर टाकायला सुती रुमाल, खारी बिस्किटं, रोजच्या गोळ्या. बाकी सगळा फापटपसारा. लोक कुरकुरायचे, हसायचे आणि ऐकायचे. माझ्या पाण्याचा खप वाढायचा हे खरं; पण ज्याच्याकडे घरून आणलेली बाटली असेल त्याला ती माझ्यासमोर शाबासकी द्यायची.

घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली. पाचव्या मजल्यावर दोन खोल्या, आईला उचलायला, पुसायला दिवसभर एक जॉर्जियन बाई. त्या बाईचा पगार वूलाच्या नोकरीतून जायचा. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. म्हणजे ही नोकरी टिकणं म्हणजे आईची सोय टिकणं, हे आम्हा चौकातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मग तिच्या पर्यटन कंपनीत साहेब म्हणून स्ताथिस आला. पस्तिशीचा, गोड बोलणारा, कायम इस्त्रीतला. पर्यटकांनी कुठेतरी लिहिलं होतं की गाइड शाळामास्तरणीसारखी वागते. झालं. बॅगा तपासणं बंद. त्याऐवजी कंपनीनं प्रत्येकाला एक छोटी कापडी पाठपिशवी द्यायला सुरुवात केली. वर कंपनीचं नाव, आत नकाशा, पेन, अथेन्सची खूण म्हणून फ्रिजवर चिकटवायचं घुबड. नाव मोठं, लक्षण खोटं.

"यात पाणी का नाही?" वूलानं विचारलं.

"वूलाताई, पाणी जड होतं. फोटोत पिशवी लोंबकळते."

"आणि माणूस आडवा झाला तर फोटोत कसा दिसतो?"

"तुम्ही फक्त इतिहास सांगा," स्ताथिस हसत म्हणाला.

असलं हसू पाहिलं की माझा हात शिवशिवतो. वूला गप्प बसली. आईसाठी बसली. महिनाभर तिनं एकही बॅग उघडायला लावली नाही, आणि त्या महिन्यात तिचं वजनही उतरलं.

जुलैच्या अखेरीस तिचा सण आला. तिचं पूर्ण नाव पारास्केवी. आमच्याकडे वाढदिवस पोरांचे. मोठ्या माणसाचा दिवस म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण. त्या दिवशी भेट कोणी आणो न आणो, ज्याचा सण त्यानं भेटेल त्याचं तोंड गोड करायचं. समोरच्यानं ते घ्यायचंच. वैऱ्याच्या हातचंही कोणी नाकारत नाही. सकाळी वूला पिठीसाखरेत घोळलेल्या बदामी बिस्किटांचा डबा घेऊन आली. पहारेकऱ्यांना दिली, मला दिली, घोळक्याची गाडी सोडायला आलेल्या स्ताथिसलाही दिली. त्यानं दोन खाल्ली, शर्टावरची साखर झटकली आणि तिला शंभर वर्षं जगा म्हणाला.

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "आर्गिरिस, घोळक्यातल्या प्रत्येकासाठी एकेक बाटली काढ. एकदम थंड. तपासणी बंद आहे ना? सण तर बंद नाही?"

मी म्हणालो, अर्धे पैसे माझ्याकडून राहू देत. तिनं डोळे वटारले. "माझ्या सणाला तू सूट देणार?"

आमचं इथेच चुकलं. आम्हाला वाटलं, सणाचं दिलेलं जगात कोण नाकारतो? तिनं हसत हसत सांगितलं, आज माझा सण आहे, हे माझ्याकडून. लोकांनी बाटल्या हातात घेतल्या, एकमेकांकडे पाहिलं. आमच्या चौकात फुकट म्हणून मनगटात दोरा बांधणारे आणि मग पैशासाठी अडून बसणारे लोक आहेत. प्रत्येक प्रवासी पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं. वूला तिकिटं काढायला गेली तशी एकेकानं बाटली माझ्या फळीवर ठेवली, गुपचूप, सापळ्यातून सुटल्यागत. मी खुणा केल्या, हात जोडले, मोडकंतोडकं इंग्रजी फाडलं. एका हिरव्या टोपीवाल्या बाईनं मला बोट दाखवून ठणकावलं, "नो बाय, नो मनी." तिच्या नवऱ्याचा हात बाटलीकडे जात होता, तो तिनं मागे ओढला.

वर, भर उन्हात, तोच नवरा पडला. आधी पायरीवर बसला, मग तिथेच कलंडला. वूलानं आपला रुमाल स्वतःच्या बाटलीनं भिजवून त्याच्या मानेवर ठेवला, घोटघोट पाणी पाजलं, त्याला सावलीत ओढायला पहारेकऱ्यांना हाका मारल्या. माणूस वाचला. संध्याकाळी हॉटेलात जेवलासुद्धा.

आणि त्याच्या बायकोनं तक्रार केली. गाइड आमच्यावर पाणी लादून विकत होती, त्यात वेळ गेला, ऊन चढलं, म्हणून माझे पती पडले.

स्ताथिस फोन घेऊन टपरीवर आला तेव्हा वूला माझ्याकडच्या स्टुलावर बसली होती.

"वूलाताई, तुम्ही पाणी विकलंत?"

"सकाळी माझी बिस्किटं खाल्लीस, ती विकत घेतली होतीस?"

"मला कळतं हो," तो म्हणाला. "सण असतो, मला कळत नाही का? पण त्यांना कोण समजावणार? एक फोन करा, विकत होते म्हणा, माफी मागा, मिटलं. नाही तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला कळत नसतं तर मी माफ केलं असतं. त्या बाईला कळलं नाही, तिला मी माफही केलंय. पण हा इथलाच, आमच्यातच वाढलेला, आणि खाल्ल्या अन्नाला जागला नाही.

"तुला कळतं ना?" मी म्हणालो. "मग तूच समजाव की."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका. पाणी तुमच्याकडचंच होतं ना?"

मी काउंटरमागून बाहेर आलो. वूलानं माझा दंड धरला. मग मीच तिला हळू आवाजात म्हणालो, "माग माफी. आईकडे बघ. तोंडानं माग, मनानं नको."

तिनं फोन घेतला. इंग्रजीत, सावकाश बोलली. मला कळेल इतकं सावकाश.

"बाई, साहेब कसे आहेत? बरं. रात्री मीठ घालून काहीतरी प्यायला द्या त्यांना. पाणी मी विकत नव्हते. पण चूक माझीच झाली. मी तुम्हाला पाहुणे समजले. तुम्ही गिऱ्हाईक आहात. पुन्हा असं समजणार नाही."

फोन परत करताना तिनं गळ्यातलं कंपनीचं कार्डही काढून त्याच्यावर ठेवलं.

"अहो, माफी मागितलीत ना?" स्ताथिस गोंधळला. "चालेल एवढं. कार्ड कशाला देता?"

"तिला शब्द दिलाय, पाहुणे समजणार नाही," वूला म्हणाली. "आणि तसं न समजता मला हे काम येत नाही."

आता जॉर्जियन बाई येत नाही. आईला वूलाच उचलते, तिची कंबर गेली आहे. कंपनीची नवी मुलगी घोळका थेट वर नेते, पाठीवर सगळ्यांच्या सारख्या पिशव्या. स्ताथिस अजूनही टपरीवर येतो. या चौकातल्या कुत्र्यालाही मी नावानं हाक मारतो. स्ताथिसला नाही. पैसे मोजून घेतो आणि बाटली फळीवर ठेवतो.