अंगठाभर मोठे बूट

मीरा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आजी, बॅलेचे शूज एक साइज मोठे घेऊ का? आई म्हणते, पाय वाढतोय." मी "नको" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, आजी रागावली. तसं नव्हतं. गेल्या महिन्यात माझी मैत्रीण सुधा औरंगाबादला वारली, आणि तुझा प्रश्न जिला सांगून पोटभर हसले असते, ती तीच होती. म्हणून लिहिते आहे. तुला मराठी वाचायला जड जातं, तेव्हा आईकडून वाचून घे. कबीर, तूही बहिणीजवळ बसून ऐक.

लहानपणी सुधा आणि मी इथे हैदराबादला, चिक्कडपल्लीत शेजारी राहायचो. दोघींचे वडील हैदराबाद सरकारच्या एकाच कचेरीत. माझ्या वडिलांना इंग्रजी शिक्षणाची फार हौस. त्यांनी मला सिकंदराबादच्या मिस डोरांकडे बॅलेला घातलं, आणि एकटी कशी पाठवायची म्हणून सोबत सुधा. तिथले बूट बाजारात तयार मिळत नसत. मिसनी कागदावर आमची पावलं आखून दिली. सुधाची आई, म्हणजे काकू, तो कागद घेऊन आम्हाला अफझलगंजच्या मोच्याकडे घेऊन गेल्या आणि त्याला बजावलं, "अंगठाभर बडा रखो भय्या, बच्चियां बढ़तीं."

"पूरे घर के पावां आ जाते अम्मा इसमें," तो म्हणाला. काकू ढळल्या नाहीत.

पहिल्याच गिरकीला सुधाचा बूट उडून पियानोवर पडला. मिस हसून हसून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "बेबी, ये बूट मोजे के माफिक होना. आज का पांव, आज का बूट." पण काकू नवे करून द्यायला तयार नव्हत्या. शेवटी सुधानेच काळा दोरा घेतला आणि पायरीवर बसून दोघींच्या बुटांच्या टाचांना चुण्या घातल्या.

अंग मोकळं करायला आम्ही जमिनीवर समोरासमोर बसायचो, पाय फाकून, तळव्याला तळवा लावून, हात हातात. एकीने मागे रेलायचं, दुसरीने पुढे वाकायचं. झटका द्यायचा नाही. ताण जाणवला की तिथेच श्वास सोडत थांबायचं, हा मिसचा नियम. मी लाकडासारखी ताठ. सुधा ओरडायची, "वाक की गं! मुजरा नाही करायचा, जमिनीला नाक लावायचंय!" आणि मग हळूच, "थांब... आता सोड श्वास..."

त्याच सुमारास भाषावार राज्यं झाली. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि कचेरीतली माणसंही वाटली गेली. गल्लीतली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली. माझे वडील इथेच राहिले. सुधाच्या वडिलांची नेमणूक औरंगाबादला झाली. काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर ती अंथरुणाच्या होल्डॉलवर बसली होती. मला म्हणाली, "पाय वाढला की एकेक टाका उसव. सगळे एकदम नको."

"आणि वाकताना हात कोण धरणार?"

"खिडकीचे गज धर."

मी गज धरून वाकत राहिले. गज घट्ट असतात, पण ते मागे रेलत नाहीत आणि "थांब" म्हणत नाहीत. वर्गातल्या नव्या मुली चांगल्या होत्या. पण त्यांना गंमत सांगायची तर ती आधी मनात तेलुगूत करावी लागायची, आणि तोवर हसू निघून गेलेलं असायचं. पुढे मिस विलायतेला गेल्या आणि नाचही सुटला.

गेल्या हिवाळ्यात मी सुधाला भेटायला गेले. तिच्या गुडघ्यांनी दावा मांडला होता, तरी पलंगावर पाय पसरून म्हणाली, "ये, तळवे लाव." मी लावले. तिच्या हातांना वजनच नव्हतं. मी जेमतेम धरले होते, तरी म्हणाली, "झटका नको गं..."

मीरा, बूट आजच्या पायाला घट्ट बसेल असाच घे. आत बोटं सरळ राहू देत, पण पुढे रिकामी जागा नको. आणि वाकताना समोर कबीरला बसव.

माझे बूट कपाटात आहेत. पाय वाढला तसे मी टाके एकेक उसवले. शेवटचा मात्र उसवला नाही, बूट चावायला लागला तरी. डाव्या टाचेत तो टाका अजून आहे.