प्रतिभाचा आजिटा

निमगाव साव्याच्या लंकाबाईला धाकट्या जावेचं बरं झालेलं कधी बघवलं नाही. प्रतिभानं स्लॅबचं घर बांधलं, ते तिनं कसंबसं गिळलं. प्रतिभाची श्रेया अमेरिकेला गेली, तेही गिळलं. पण परवा कुरडयांचा चीक शिजवायला बाया जमल्या, तेव्हा प्रतिभा छातीवर हात ठेवून म्हणाली, "मला आजिटा झालाय."

"ह्यो कुठला रोग?" बायांनी विचारलं.

"श्रेयाकडं म्हणत्यात तसं. शब्द मूळचा इटलीचा, पण तिकडं इंग्लिशमधी चालतो. छातीत जळजळ आन जिवाला घोर, दोन्हीला एकच."

"म्हंजी पित्त! सोडा पी," लंकाबाई फणकारली.

पण बायांनी प्रतिभाला सावलीत बसवलं, पदरानं वारा घातला. चीक घाटायला लंकाबाई एकटीच उरली. तिचं सारं आयुष्य पित्तानं ओकण्यात गेलं, कुणी पाणी विचारलं नाही. आणि हिचा रोगसुद्धा विमानातनं आलेला!

तेवढ्यात श्रेयाचा फोन आला. प्रतिभा तो घेऊन घरामागं गेली. पाणी आणायच्या निमित्तानं लंकाबाईही मागोमाग गेली.

"घोर कसला म्हणून काय विचारतीस?" प्रतिभा रडत होती. "आक्काचा सोपान रोज दुपारी शेतातनं येतो, आईच्या ताटात जेवतो. मला आपल्या वट्यावरनं दिसतं गं. लई जळतं."

जावेचे डोळे पुसावेत, असं लंकाबाईच्या मनातही आलं नाही. ती चुलीपाशी परत आली आणि शेतातनं येणारा लेक दिसताच साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "सोपान! आज जेवाया भाईर वट्यावर बसू रं, घरात लई उकडतंय!"