डाकूभाऊंचे मासे

डाकूभाऊंचे मासे मी मारले. वडशातली आमची गल्ली आजही समजते, की ते त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या हातून गेले. हा समज मीच होऊ दिला. म्हणून भाऊंबद्दल लिहायला बसलो की आधी हेच लिहावं लागतं.

भाऊ झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत खलनायक व्हायचे. दरोडेखोराच्या एका भूमिकेमुळे हे नाव त्यांना चिकटलं. त्यांचं स्टेजवरचं हसणं मंडपाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जायचं. लेकरं आईच्या पदरात तोंड लपवायची. हाच माणूस घरी माशांच्या टाकीजवळ आला की कुजबुजत बोलायचा. टाकीत नियॉन टेट्रा होते, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडे लाल. एकदा मी दारातूनच जोरात हाक मारली, तर म्हणाले, "हळू बोल ना बाप्पा, मासे दचकतेत. मले ओरडाचे पैसे भेटतेत. तुले कोन देऊन राह्यलं?"

त्यांच्या आईला सारी गल्ली बाई म्हणायची. बाईंना ऐकू कमी यायचं, बोलायचं तर ओरडावं लागे. म्हणून भाऊ त्यांना हाताला धरून अंगणात न्यायचे, तिथे काय ते बोलायचे आणि परत आणून टाकीसमोर बसवायचे.

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की भाऊ गावोगावी असत. घरी बाई आणि मासे. दाणे टाकायचं काम बाईंचं. थरथरत्या चिमटीत दाणे चुरत त्या पाण्यावर वाकल्या, की बोटं दिसताच मासे वर यायचे. साऱ्या हिवाळ्यात त्या घरात बाईंची वाट पाहणारं तेवढंच होतं.

बादली उचलणं शेजारी म्हणून माझ्याकडे होतं. भाऊंनी बजावलं होतं, "पानी थोडंसंच बदलव. नळाचं एक दिवस बादलीत राहू दे, त्यातली दवाई उडाली का मंगच टाक. आन् ते बदामाचं पान काढू नोको." त्या वाळलेल्या पानामुळे पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "आपल्याले चांगलं दिसते ते त्यांच्या कामाचं नाई."

एकदा भाऊ हंगामातच एका दिवसासाठी घरी येणार होते. त्यांना टाकी चकचकीत दिसावी असं मला वाटलं. दुपारी बाई झोपल्या असताना मी पान फेकलं, खडे घासले, सगळं पाणी ओतून दिलं आणि थेट नळाचं भरलं. टाकी आरशासारखी झाली. सकाळी मासे पांढरे पडून तरंगत होते. भाऊ यायच्या आत मी ते काढून टाकले.

भाऊ आले, रिकाम्या टाकीपुढे नुसते उभे राहिले. लेकाचं तोंड पाहून बाईच म्हणाल्या, "माह्याच हातानं दाने जास्त पडले असन."

आणि मी हळूच म्हणालो, "हो भाऊ, बाईचे हात आता थरथरतेत. टाकी मी मंग धुतली, मासे मेल्यावर."

बाईंना ते ऐकूही आलं नाही.

भाऊ रागावले नाहीत. पुढच्या वेळी नवे मासे आणले. बाईंना अंगणात नेऊन आता आराम करा म्हणून समजावलं, आणि दाण्यांची डबी माझ्या हाती दिली. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात मी डबी उचलली की बाई उठून आत जायच्या.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. शेवटी आवाज पार बसला होता. सगळंच कुजबुजत बोलायचे. टाकीजवळ खाट टाकून घेतली होती. म्हणाले, "बाईले कोनी नाई. येत जाजो." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

परवा दाणे टाकायला गेलो. बाई उठल्या तसा मी त्यांचा हात धरला आणि सवयीनं हळू आवाजात सांगू लागलो. बाईंनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं सांग ना बाप्पा. मले आयकू येत नाई."

त्यांना अंगणात नेता आलं असतं. नेलं नाही. टाकीसमोरच ओरडून म्हणालो, "बाई, ते मासे तुमच्या हातानं नाई मेले. मीच मारले. भाऊशी खोटं बोललो. मले माफ करा."

मासे दचकून पानामागे गेले. मी डबी बाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती पदरानं पुसली.

"त्याले सांगतलं होतं का?"

"नाई, बाई," मी तितक्याच मोठ्यानं म्हणालो. "भाऊची माफी मांगाची राह्यली."