अण्णांचा हातगुण

अण्णांच्या हाताला गुण आहे, असं ऑफिसात सगळे म्हणत. तपासणीचे रिपोर्ट रुग्णांच्या फोनवर पोचवणारी ही छोटीशी कंपनी. तिचे सर्व्हर भाड्याचे, कुठल्या तरी दूरच्या इमारतीतले. त्यालाच क्लाऊड म्हणायचं. सर्व्हर रुसला की अण्णा चष्मा कपाळावर चढवत, पडद्यावर दोनचार बटणं दाबत आणि गाडं रुळावर येई. नेमकं काय केलं, ते अण्णांना ठाऊक आणि त्या सर्व्हरला.

या कौतुकाचा भुर्दंड मात्र घरच्यांना. थोरल्या नातवाच्या वेळी सर्व्हर रुसला म्हणून अण्णा अर्ध्या वाटेतून परत फिरले होते. आता लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं.

"बाबा, या वेळी येणार, की पुन्हा फोनवरूनच आशीर्वाद?" तिनं विचारलं. अण्णा हसले, पण ते त्यांना लागलं.

त्यातच ऑफिसात नव्या मॅडम साहेब म्हणून आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. बटणं दाबायची नाहीत. सर्व्हर किती, कसे, माहिती आत-बाहेर जायचा कुठला दरवाजा कोणासाठी उघडा, हे सगळं फाइलीत लिहायचं. एक प्रोग्राम ती फाइल वाचतो, प्रत्यक्षात काय आहे ते बघतो आणि लिहिल्याप्रमाणे करून ठेवतो. काय बदलणार, तेही आधी दाखवतो. उद्या सगळं पुसलं गेलं तरी त्याच फाइलीवरून सर्व्हर जसेच्या तसे उभे करता येतात. अण्णांनी मान डोलावली आणि लिहिलं अर्धंमुर्धं. सगळंच उतरवून दिलं तर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, ही भीती काही केल्या जाईना.

लेकीकडे जायच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात एका हॉस्पिटलचे रिपोर्ट अडकले. त्यांच्यासाठी एक दरवाजा उघडायला हवा होता. जित्याची खोड; अण्णांनी तो हातानंच उघडला. फाइलीत काय, लिहू सावकाश. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कामासाठी त्यांनी प्रोग्राम चालवला. त्या बिचाऱ्यानं इमानदारीत विचारलं, हा दरवाजा फाइलीत नाही, बंद करू? अण्णांनी न वाचताच होकार दिला. दुपारपर्यंत तिकडे रुग्ण रिपोर्टसाठी ताटकळत बसले होते.

"मीच उघडला आणि मीच बंद केला," अण्णा मॅडमना म्हणाले. चेहरा पार उतरला होता.

"अण्णा, सगळं तुमच्याच हातात आहे, म्हणून तर तुम्हाला सुट्टी मिळत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला तुम्हाला काढायचं नाहीये. लेकीकडे पाठवायचंय."

अण्णांना भरून आलं. मग ते बसले आणि डोक्यात होतं नव्हतं ते सगळं लिहून काढलं. मॅडमनी सरावाचे सर्व्हर मुद्दाम पुसले, अण्णांना हाताची घडी घालून बसवलं आणि फाइलींवरून सगळे पुन्हा उभे केले. आपल्यावाचून काम चाललेलं बघून अण्णांना बरं वाटलं, आणि जरा वाईटही.

लेकीकडे गेल्यावर फोन वाजेचना. अण्णा तो सारखा खिशातून काढून बघत.

"बिघडला नाहीये, बाबा," लेक म्हणे.

वाजला तो नेमका बाळ मांडीवर आलं तेव्हा. पडद्यावर मॅडमचं नाव, आणि अण्णांचे दोन्ही हात गुंतलेले.

"झालं," ते पुटपुटले. "निघावं लागणार."

लेकीनं पडल्यापडल्या फोन घेतला, ऐकलं आणि हसली. "काम काही नाही म्हणतायत. नात झाली की नातू, एवढंच विचारतायत."

"नात झाली म्हणून सांग," अण्णा म्हणाले. "आणि आजोबा इथंच आहेत म्हणावं."