पहिल्याच प्रश्नाला आलेली कबुली

नोकरीत बरेच आरोपी समोर बसवले. बहुतेकांनी शेवटपर्यंत नाकारलं. त्या मुलीने मात्र पहिल्याच प्रश्नाला 'हो' म्हटलं, आणि म्हणूनच ते प्रकरण निवृत्तीनंतरही मनातून गेलेलं नाही.

तेव्हा मी नांदेडजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका तेल कारखान्याचे मालक व्यवस्थापकाला घेऊन तक्रार द्यायला आले. प्रकरण उघडं पडलं ते हिमायतनगरकडच्या एका कामगारामुळे. त्याने काम सोडून सहा महिने झाले होते, तरी भविष्य निर्वाह निधीत पैसे जमा झाल्याचे मेसेज त्याच्या मोबाईलवर येतच होते. तो सरळ कारखान्यावर गेला आणि फाटकातच मालकांना म्हणाला, "शेठ, मी तर घरी बसून राहिलो. मग माझा पगार कोण उचलून राहिलं?"

मालकांनी कागद काढले. काम सोडून गेलेल्या चौघांचा पगार दर महिन्याला निघत होता आणि भलत्याच खात्यांत जात होता. पगारपत्रक करणारी लिपिक तेवीस वर्षांची, अर्धापूर तालुक्यातली. बी.कॉम. करून नोकरीला लागली, त्याला वर्षही झालं नव्हतं.

"कॉम्प्युटर तिच्याच हातात असतो, साहेब," व्यवस्थापक म्हणाला. "अटक करा, सगळं बाहेर येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांबरोबर आली. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी विचारलं, "या चौघांची खाती तू बदललीस?"

"हो साहेब."

"का?"

तिने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझीच चूक असंल. जेवढे कमी पडले तेवढे मी फेडते. फक्त बाबांना बाहेर बसवा."

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने कागद पुढे ओढला. खरं सांगायचं तर मीही खूश होतो. दोन दिवसांवर अधीक्षकांची मासिक गुन्हे बैठक होती, प्रलंबित गुन्ह्यांची यादी वाढली होती, आणि इथे आयती कबुली मिळत होती. अटकेचे कागद तयार करायला मी सांगितलंसुद्धा. केवळ रकाना भरायचा म्हणून विचारलं, "पैसे कोणाच्या खात्यात गेले?"

"मला न्हाई माहीत."

"एकूण किती गेले?"

"ते पण न्हाई माहीत. किती गेले, साहेब?"

चोरलेली रक्कम पोलिसाला विचारणारा चोर मी पाहिला नव्हता. रायटरला थांबवलं, चहा मागवला आणि तिला म्हटलं, "पगाराचं काम कसं होतं तेवढं सांग."

त्या टेबलावर आधी तिघे होते. दोघे सोडून गेले, जागा भरल्याच नाहीत. अडीचशे कामगारांची हजेरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुट्या कागदांवर तिच्याकडे यायची. सात तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे. झाला की टेबलाभोवती गर्दी व्हायची.

"एकाचे दोन खाडे जास्त लागले माझ्याकडनं," ती म्हणाली. "त्यानं समद्यांसमोर विचारलं, शिकली का नुसतीच कॉलेजात गेली? तवापासून कुणी काही बोललं की वाटतं, केलंच असंल मी."

"खाती बदलायला कोण सांगायचं?"

"मॅनेजर सर. मेसेज करायचे."

तिने फोन पुढे केला. चार मेसेज होते, सगळे महिनाअखेरीचे: 'याचे खाते बदलले आहे, आजच लाव.' एकाखाली तिने विचारलं होतं, 'सर, कामगाराचा अर्ज मिळेल का?' उत्तर होतं, 'आधी पगार काढ. अर्ज नंतर.' तो अर्ज कधी आला नाही. पुढच्या महिन्याच्या हजेऱ्या येऊन पडल्या आणि ती विसरून गेली.

"हे आधी का दाखवलं नाहीस?"

"त्यात काय हाय, साहेब? रोजचेच मेसेज हायेत."

पंचनामा करून फोन ताब्यात घेतला, तिला घरी पाठवलं, बँकेला पत्र दिलं. उत्तराला दहा दिवस लागले. मधल्या बैठकीत याच गुन्ह्यावरून मी बोलणी खाल्ली. सगळे पैसे दोन खात्यांत गेले होते. दोन्ही उदगीरच्या एकाच माणसाची, आणि तो व्यवस्थापकाचा मेहुणा निघाला.

व्यवस्थापक तासभर एकच सांगत होता, "मी नुसती सही करतो." बँकेचं पत्र समोर ठेवलं तेव्हा पाणी मागितलं. मग त्याने सगळं सांगितलं; सोडून गेलेल्या चौघांची हजेरीही तोच त्या सुट्या कागदांत घुसडत होता. तिच्याच हातून का करवलंस, असं विचारल्यावर म्हणाला, "ती कधी उलटून विचारायची नाही, साहेब."

"एकदा विचारलं होतं," मी म्हणालो.

दोषारोपपत्रात ती साक्षीदार झाली. जबाब वाचून पाहायला बोलावलं तेव्हा तिने ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. तिसऱ्या पानावर थांबली. "साहेब, इथं तारीख चुकलीय." वीस वर्षं जबाब लिहिणाऱ्या माझ्या रायटरने पाहिलं. तारीख खरंच चुकली होती. पुढे तिने ती नोकरी सोडली आणि लातूरला एका कर सल्लागाराकडे लागली, एवढं कळलं.

नंतर अनेक कबुल्या ऐकल्या. लवकर आलेली कबुली मी पुन्हा तपासायला शिकलो, पण त्याहून जास्त मी स्वतःला तपासायला शिकलो. बोलणी ऐकून ऐकून ती थकली होती म्हणून 'हो' म्हणाली. मला घाई होती म्हणून मी ते लिहून घ्यायला निघालो होतो.